नव्या खुर्च्या आल्या, पाठदुखी तिथल्या तिथेच

धागाकर्ती: कोरा_कागद

मंडळी, जरा मदत हवी आहे. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. यंदाच्या शाश्वतता अहवालातला (कंपनी पर्यावरणाशी आणि माणसांशी कशी वागते ते सांगणारा अहवाल) ‘सामाजिक’ हा भाग माझ्या गळ्यात पडलाय. पर्यावरणाचा भाग ज्याच्याकडे गेला तो सुटला, विजेची आणि पाण्याची बिलं मांडली की त्याचं काम झालं. मला ‘कर्मचाऱ्यांचं आरोग्य आणि स्वास्थ्य’ या मथळ्याखाली चार पानं भरायची आहेत.

भरायला मजकूर आहे, तीच अडचण. दीड वर्षापूर्वी कचेरीतल्या सगळ्यांच्या खुर्च्या बदलल्या. उंची, पाठ, हात, सगळं खालीवर होणाऱ्या. फोटो झकास आलेत. पण तक्रारींची नोंदवही काढून बसले तर मान, कंबर आणि मनगटाच्या तक्रारी खुर्च्यांआधी होत्या जवळजवळ तेवढ्याच आताही आहेत. साहेब म्हणाले, “खुर्च्यांचं लिही की, वहीचं कशाला काढतेस?”

परवा संध्याकाळी सगळे गेल्यावर मजल्यावर चक्कर मारली आणि एकेका खुर्चीपाशी जाऊन बघितलं. बहुतेक सगळ्या एकाच उंचीवर. खोक्यातून निघाल्या तेव्हा ज्या उंचीवर होत्या, त्याच. तीन-चार खुर्च्यांच्या हातांवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलेलं नाही.

आता सांगा, चूक खुर्चीची, बसणाऱ्याची की माझी?

टकटक

बसणाऱ्यांच्या वतीने बोलतो. माझ्या खुर्चीखाली तीन दांडे आहेत. एक ओढला की मी खाली जातो. दुसरा ओढला की मागे आडवा होतो आणि मीटिंगमधले सगळे हसतात. तिसऱ्याला मी अजून हात लावलेला नाही.

मणकेबुवा

मी फिजिओथेरपिस्ट. टकटक यांनी दोन ओळींत मुद्द्याचं सांगितलं. खुर्ची दिल्यावर प्रत्येकाशेजारी दहा-पंधरा मिनिटं थांबून ती त्याच्या अंगाला लावून द्यावी लागते. खरेदीच्या यादीत ही पंधरा मिनिटं कुणीच धरत नाही.

कोरा_कागद, तुमच्याकडे लोक लॅपटॉप वापरत असणार. मग खुर्ची बिचारी काय करणार? लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर हात वर तरंगतात, कीबोर्ड कोपराच्या पातळीला ठेवला तर मान खाली जाते. दोन्हींपैकी एक दुखणारच. वेगळा कीबोर्ड, वेगळा माऊस आणि लॅपटॉपखाली चार जाडजूड फायली, एवढ्यानेच माझ्याकडचे कितीतरी लोक सुधारले आहेत.

लावण्याचा क्रम असा. टेबल हलत नसेल तर खुर्ची टेबलाला जुळवायची. खांदे सैल सोडून कोपर टेबलाच्या पातळीला येईल एवढी ती वर घ्या. मग पाय बघा, टेकत नसतील तर खाली ठोकळा. बैठकीच्या पुढच्या कडेत आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूत दोन-तीन बोटं जागा हवी. शेवटी स्क्रीन: साधारण हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर माणूस दिवसभर हनुवटी उचलून खालच्या भिंगातून वाचत राहतो आणि मग मान धरली म्हणून येतो.

आणि कृपा करून ‘ताठ बसा’ची भित्तिपत्रकं उतरवा. ताठ असो, रेलून असो, कुठलीही बैठक दोन तास तशीच धरली तर त्रास देणारच. आकसून धरलेला स्नायू स्वतःतूनच जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबत असतो. उभं राहून काम करायच्या टेबलांचंही तेच. दिवसभर उभं राहिलात तर पाठीऐवजी पोटऱ्या माझ्याकडे येतील.

बुटकी_बाहुली

‘खुर्ची टेबलाला जुळवा’ म्हणणं सोपं आहे हो. माझी उंची चार फूट दहा इंच. टेबलापर्यंत खुर्ची वर घेतली की माझे पाय शाळकरी पोरीसारखे लोंबकळतात. खाली घेतली की टेबल गळ्याशी. आठ वर्षं मी खुर्चीच्या पुढच्या काठावर बसून नोकरी केली. त्या महागड्या पाठीला माझी पाठ लागलीच नाही! ठोकळा मागितला तर “अजून कुणी मागितला नाही” असं उत्तर मिळालं. आणलं एक खोकं घरून.

एसीचंही असंच. मी बारा महिने शाल पांघरून. बरीच वर्षं वाटायचं की आपलीच प्रकृती नाजूक. मग कळलं की इमारतींच्या आतलं तापमान ठरवायची जी पद्धत रूढ आहे ती १९६० च्या दशकातल्या अभ्यासावर उभी आहे, आणि शरीर किती उष्णता तयार करतं याचा तिच्यातला आकडा चाळिशीतल्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. नेदरलँड्समधल्या दोघा संशोधकांनी २०१५ साली यावर बोट ठेवलं. बायकांचा तो आकडा बराच कमी भरतो. म्हणजे शाल माझी आणि माप दुसऱ्याचं.

टकटक

शालीचं वाक्य चोरणार आहे. आगाऊ माफी.

जुनी_वही

बाहुलीताई, ‘माप दुसऱ्याचं’ म्हणालात म्हणून सांगते, त्या दुसऱ्याचाही शोध एकदा घेतला गेला होता आणि तो सापडला नाही.

अमेरिकी हवाई दलाची विमानं १९५० च्या सुमारास फार पडत होती. कॉकपिट १९२० च्या दशकात मोजलेल्या वैमानिकांच्या सरासरी मापावर बेतलेलं होतं. वाटलं, माणसं आता उंच झाली असतील, नवी सरासरी काढू. ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने उंची, छाती, बाह्या अशी कॉकपिटच्या दृष्टीने महत्त्वाची दहा मापं निवडली आणि प्रत्येक मापात मधले ३० टक्के ते ‘सरासरी’ अशी ऐसपैस व्याख्या धरली. दहाही मापांत सरासरी बसणारे वैमानिक किती निघाले? शून्य. नुसती तीन मापं घेतली तरी साडेतीन टक्क्यांहून कमी.

सगळ्यांसाठी म्हणून बांधलेलं कॉकपिट अशा रीतीने कुणाच्याच मापाचं नव्हतं. मागेपुढे सरकणाऱ्या बैठका आणि लांब-आखूड होणारे पट्टे त्यानंतर सक्तीचे झाले. कोरा_कागद यांच्या खुर्चीतले दांडे त्याच विचारातून आलेले आहेत. पण वैमानिकाला तो दांडा कसा वापरायचा हे शिकवतात, कारकुनाला नाही.

अवांतर: हा विषय कचेऱ्यांइतकाच जुना आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत ‘तू काम काय करतोस?’ हा प्रश्न घाला, असं त्याचं सांगणं. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरं कारण नीट वाचा. तीनशे वर्षांनी आपण पहिल्यावरच खर्च करतोय.

हिशेबी

सगळं खरं, पण माझा दहा माणसांचा कारखाना आहे. इथे प्रत्येक जण सांगतोय काय काय द्यायला हवं, देणारा कोण ते कुणी सांगत नाही. खुर्च्या विकणारे, ठोकळे विकणारे, शिबिरं घेणारे सगळे माझ्याकडे येऊन गेलेत. ‘शाश्वत’ शब्द लावला की दर दीडपट. आणि माणसं घरी सोफ्यावर आडवं पडून चार तास मोबाईल बघतात, त्या मानदुखीचं बिल माझ्या नावावर का?

मणकेबुवा

मोबाईलचा मुद्दा रास्त आहे, नाकारत नाही. फक्त घरी मान दुखली तर माणूस मोबाईल ठेवून उठू शकतो. तुमच्या यंत्रावरचा माणूस उठू शकतो का, एवढंच बघा.

सेफ्टीपिन

हिशेबी, तुमच्यासारख्यांशी भांडण्यात माझी वीस वर्षं गेलीत (कारखान्यात सुरक्षा अधिकारी), त्यामुळे राग नाही. पण पैसे कुठे फुकट जातात ते माझ्याकडूनही ऐका.

सगळ्यात जास्त फुकट जातात ते ‘वजन कसं उचलावं’ या प्रशिक्षणावर. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, फोटो काढा, सह्या घ्या. नुसत्या या प्रशिक्षणाने पाठदुखी कमी होत नाही, हे अभ्यासांचे एकत्रित आढावे घेऊन पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. कमरेच्या पट्ट्यांचंही तेच. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं की निरोगी कामगाराला इजेपासून पट्टा वाचवतो याला पुरावा नाही.

त्याच नायॉशचं वजन उचलण्याचं एक समीकरण आहे, १९९१ साली सुधारलेलं. ते एकदा कागदावर सोडवा, मग कळेल पैसे कुठे घालायचे. सुरुवात २३ किलोंपासून होते. सगळं अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, धरायला चांगलं आणि क्वचितच उचलायचं असेल, तर इतकं चालतं. आता एकेक अडचण घाला. खोकं अंगापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर लांब धरावं लागतंय? निम्मे झाले, साडेअकरा. ते जमिनीवर ठेवलंय? ०.७७५ ने गुणा, ८.९. तिथून ७५ सेंटिमीटर वर टेबलापर्यंत न्यायचंय? ०.८८ ने गुणा, ७.८. शेवटी अंग ४५ अंश पिळून बाजूला ठेवायचंय? ०.८५६ ने गुणा. उरले ६.७ किलो. आणि हे क्वचित उचलण्याचं. मिनिटाला चार-पाच वेळा उचलायचं असेल तर आणखी खाली.

माणूस तोच आणि पाठ तीच. २३ चे पावणेसात झाले ते खोकं जमिनीवर ठेवल्यामुळे आणि टेबल आडवं लावल्यामुळे. म्हणून आमच्या धंद्यात पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याचं काही वापरा, मग यंत्राची आणि जागेची रचना बदला, मग नियम आणि पाळ्या, आणि सगळ्यात शेवटी अंगावर घालायच्या वस्तू. बहुतेक ठिकाणी हा जिना उलटा चढतात. आधी पट्टा, मग सूचना, आणि टेबल जिथल्या तिथे.

हिशेबी, तुमची खोकी जमिनीवर असतात का?

हिशेबी

असतात.

खोकेवाला

सेफ्टीपिन सायबांचं गणित भारी आहे, पण त्यात एक आकडा राहिला. मी गोदामात माल काढतो. हातातला स्कॅनर पुढचं खोकं कुठलं ते सांगतो आणि तिथे पोचायला किती सेकंद ते पण सांगतो. शिडी आहे, ढकलगाडी आहे, सगळं आहे. पण शिडी आणायला गेलो तर सेकंद संपतात आणि माझं नाव पडद्यावर लाल होतं. म्हणून सगळे टाचा उंच करून हात घालतात. परवा एक अधिकारी आले, म्हणाले शिडी असताना वापरत का नाही, निष्काळजी आहात. आम्ही हो म्हटलं.

जुनी_वही

खोकेवाला यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर तो चिकटवायला हवा.

ते सांगताहेत त्यासाठी १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक या समाजशास्त्रज्ञाने एक साधी मांडणी केली. कामाची मागणी किती आणि त्या कामावर तुमचा ताबा किती, हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवा. मागणी जास्त आणि ताबाही जास्त असेल तर माणूस दमतो, पण शिकतो, वाढतो. मागणी जास्त आणि ताबा काहीच नाही, तिथे ताण शरीरात मुरतो. पुढे इतरांनी त्यात तिसरी गोष्ट घातली: अडचणीत पाठीशी कोण उभं राहतं.

लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल पाहण्या याच वाटेवरच्या. पहिली १९६७ साली सुरू झाली. खालच्या श्रेणीतल्यांमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा करूनही फरक पुरता जाईना. म्हणजे ‘जबाबदारीने साहेबाचं हृदय थकतं’ हा आपला समज उलटा ठरला. १९८५ नंतरच्या दुसऱ्या पाहणीत कामावरचा ताबा कमी असणं हा त्यातला मोठा धागा म्हणून पुढे आला.

शिडी ही वस्तू आहे आणि ती वापरायला लागणारे सेकंद हा ताबा आहे. वस्तू दिली, ताबा काढून घेतला, आणि वर ‘निष्काळजी’ हे बिरूद.

रात्रपाळी

मी परिचारिका. रुग्ण उचलायचं यंत्र आमच्या वॉर्डातही आहे. त्याची बॅटरी चार्ज नसते. असली तर झोळी धुलाईला गेलेली असते. सगळं असलं तर यंत्र तिसऱ्या वॉर्डात असतं. पेशंटला आता, या क्षणी, बाथरूमला जायचं असतं. मग मी आणि अजून एक जण, एक दोन तीन, उचल.

नायॉशचंच सांगायचं तर रुग्ण हाताने हलवताना साधारण १६ किलोंची मर्यादा सुचवलेली आहे. १६ किलोंचा पेशंट बालवॉर्डातच भेटतो हो. मोठ्या माणसाचा एक पाय धरून ठेवला तरी तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

पाळ्यांबद्दल एक सांगते. आमच्याकडे पाळ्या उलट्या फिरायच्या, रात्र, मग दुपार, मग सकाळ. त्या सुलट फिरवा, सकाळ-दुपार-रात्र, अशी मागणी आम्ही केली, कारण उशिरा झोपणं शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. ‘बघू’ म्हणायलाच त्यांना वर्ष लागलं, बदलायला एक दुपार पुरली. आता रात्रपाळी संपल्यावर लागून येणाऱ्या दुपारच्या पाळीत झोपेत इंजेक्शन भरायची वेळ येत नाही. कुठलीही खरेदी करावी लागली नाही.

टकटक

माझ्या मनगटाचं सांगायचं राहिलं. वेगळा माऊस, पट्टी, व्यायाम, सगळं केलं. दुखणं थांबलं ते प्रकल्प बदलल्यावर. आधीच्या ठिकाणी रात्री अकराला निरोप यायचे आणि स्क्रीनवरचा ‘ऑनलाइन आहे’ दाखवणारा हिरवा ठिपका विझला की विचारणा व्हायची, म्हणून मी माऊस हलवत बसायचो. अक्षरशः, काम नसताना, ठिपका हिरवा राहावा म्हणून. आता हसू येतं.

मणकेबुवा

हसू नका, हा प्रकार मी आठवड्याला बघतो. ताणात माणूस कीबोर्ड जोरात बडवतो, खांदे कानाशी नेतो, श्वास उथळ घेतो. मनगट आणि मन अशी वेगळी खाती आपण अहवालात ठेवतो. आणि तासांचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेले आकडे आहेत: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त. २०१६ या एका वर्षात लांब तासांशी जोडलेले मृत्यू सुमारे ७,४५,०००. ५५ तास बसायला खुर्ची कितीही चांगली दिली तरी तास ५५ च राहतात.

कोरा_कागद

बापरे. मी खुर्चीचा प्रश्न टाकून तीन दिवस बाहेर होते, इथे धागा कुठल्या कुठे गेलाय. सगळं वाचलं.

दोन कबुल्या. एक: आम्ही खुर्च्यांबरोबर आरोग्याचं ॲपही घेतलं आहे. पावलं मोजा, ध्यान करा, गुण मिळवा. अहवालात त्याला अख्खं पान देणार होते.

दुसरी जास्त टोचतेय. अहवालासाठी आम्ही जीआरआयची मानकं (अशा अहवालांत काय आणि कसं मांडायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम) वापरतो. त्यातलं आरोग्य आणि सुरक्षेचं ४०३ क्रमांकाचं मानक काल पहिल्यांदा शब्दन् शब्द वाचलं. २०१८ च्या त्या मानकात फक्त पगारपत्रकावरची माणसं मोजत नाहीत. ज्यांचं काम किंवा कामाची जागा संस्थेच्या ताब्यात आहे, ते सगळे मोजायचे, मग नोकरीवर कुणी का ठेवलेले असेनात. म्हणजे सफाई करणाऱ्या बायका, दारावरचे रक्षक, माल चढवणारे. माझ्या नोंदवहीत यांच्यातल्या कुणाचीही एकसुद्धा तक्रार नाही. मला वाटायचं, त्यांना त्रास नसेल.

आज सफाईच्या मावशींना विचारलं. आधी म्हणाल्या, काही नाही ताई, चालायचंच. मग त्यांच्याबरोबर एक मजला चालले. पोछ्याचा दांडा एकाच लांबीचा, उंच बाईला आखूड, ठेंगणीला लांब. ओला पोछा पिळायचा हातानेच, दर पाच-सात मिनिटांनी. पाणी फक्त तळमजल्यावर, बादली जिन्याने वर. सामानाची लिफ्ट आहे, पण कामाच्या वेळेत ती त्यांनी वापरायची नाही असा फलक आहे. फलकावर सही आमच्याच विभागाची.

बुटकी_बाहुली

तक्रार कुठे करायची हे तरी त्यांना कुणी सांगितलं होतं का?

कोरा_कागद

तक्रारीचा अर्ज कंपनीच्या ईमेलवरून भरायचा असतो. त्यांना ईमेलच नाही.

सेफ्टीपिन

ॲपच्या पानाबद्दल: एकदा हे वाचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीत सुमारे ३३,००० कामगारांवर प्रयोग झाला. कुठल्या शाखांत आरोग्य कार्यक्रम राबवायचा ते सोडत काढून ठरवलं. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. दीड वर्षानंतर लोक आपण व्यायाम जास्त करतो असं सांगत होते. पण रक्तदाब, साखर, वजन, उपचारांचा खर्च, गैरहजेरी, कामगिरी, कशातही म्हणण्यासारखा फरक नव्हता. ॲप वाईट नाही हो. ते जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आहे, एवढंच. काम तसंच ठेवून माणसाला सोसायला शिकवणारं.

हिशेबी

एक विचारतो, भांडायचं म्हणून नव्हे. मावशींचं पटलं. पण तुम्ही सगळे शेवटी म्हणणार की विश्रांती वाढवा, वेग कमी करा. माझं उत्पादन मग कोण काढणार?

मणकेबुवा

थोडा आधार आहे. नायॉशच्याच लोकांनी २००० साली आकडे भरणाऱ्या कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास छापला. नेहमीच्या सुट्ट्यांव्यतिरिक्त ज्या तासांत सुट्टी नव्हती त्यांत पाच-पाच मिनिटं दिली, दिवसाला वीस मिनिटं जास्त. डोळ्यांचा आणि अंगाचा त्रास कमी झाला आणि काम वीस मिनिटांनी घटलं नाही, होतं तेवढंच राहिलं.

हिशेबी

आकडे भरणं वेगळं, लेथ वेगळं. माझी भट्टी पाच मिनिटं थांबत नाही.

सेफ्टीपिन

बरोबर, तिथे हे जसंच्या तसं लागू नाही. भट्टीवर माणसं आलटून पालटून लावणं हाच एक मार्ग, आणि तोही दोन कामं खरंच वेगळे स्नायू वापरत असतील तर. एका वाकायच्या कामावरून दुसऱ्या वाकायच्या कामावर पाठवणं याला पाळी बदलणं म्हणतात, विश्रांती नाही. हे मी स्वतः दोन वर्षं चुकीचं करत होतो.

जुनी_वही

कोरा_कागद, साहेबांना पटवायला एक मुद्दा. हे दानधर्माचं खातं राहिलेलं नाही. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा ही कामाच्या मूलभूत तत्त्वांत आणि हक्कांत घातली. १९९८ पासून तिथे चारच गोष्टी होत्या: संघटनेचं स्वातंत्र्य, वेठबिगारीला बंदी, बालमजुरीला बंदी, भेदभावाला बंदी. वेठबिगारीच्या शेजारी आता मावशींची बादली आहे.

कोरा_कागद (तीन आठवड्यांनंतर)

काय काय झालं ते सांगते, सगळंच गोड नाही.

लिफ्टचा फलक काढला. त्याला एक सही लागली, माझीच. लांब-आखूड होणारे दांडे आणि पायाने पिळायच्या बादल्या मागवल्या. मावशींनी तीन नमुने वापरून बघितले आणि मला आवडलेला नमुना नाकारला, कारण त्याची चाकं उंबरठ्यावर अडतात. मी एकटीने मागवला असता तर तोच आला असता आणि फोटोही छान निघाला असता.

खुर्च्या: रोज दुपारी अर्धा तास, दोघांच्या खुर्च्या लावून द्यायच्या, असं चाललंय. तीसेक झाल्या. सहा जणांना ठोकळे लागले (बाहुलीताई, तुमची आठवण झाली). एकाला खुर्ची नको होती, त्याला स्क्रीन खाली हवा होता. दुहेरी भिंग.

अहवाल: ॲपचं पान दोन ओळींवर आलं. नोंदवहीतले आकडे साहेबांनी कापले. मी ते पुन्हा घातले, त्यांनी पुन्हा कापले. सध्या मसुद्यात ‘तक्रारींच्या नोंदीची पद्धत सुधारत आहोत’ असं गुळगुळीत वाक्य आहे. लढाई चालू आहे.

रात्री अकराच्या निरोपांबद्दल विषय काढला तर बैठक पाच मिनिटांत संपली.

खोकेवाला

ताई, मावशींना नमुने वापरायला दिले हे बेस केलं. आमच्याकडे पण नवीन ढकलगाड्या आल्या. कुणाला विचारलं नाही. गल्ली त्यांच्यापेक्षा अरुंद आहे.

हिशेबी

खोकी विटांवर चढवली. जुन्या लाकडी फळ्या, खाली विटा. उंची कमरेला आली. खर्च सांगण्याइतका नाही. माणसं काही म्हणाली नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन त्यांनी उरलेल्या दोन टेबलांनाही विटा लावल्या होत्या. विश्रांतीबद्दल माझं मत आहे तेच आहे.

सेफ्टीपिन

विटा एकमेकांवर रचून ठेवल्या असतील तर आधी पक्क्या बांधून घ्या, नाहीतर पुढचा धागा अपघातावर काढावा लागेल.

कोरा_कागद, सफाईचं कंत्राट पुन्हा कधी होणार आहे? दांडे-बादल्या तुम्ही दिल्यात, उद्या ठेकेदार बदलला की नवा माणूस आपलं जुनं सामान घेऊन येईल. कंत्राटातच लिहून घ्या: साधनं कुठली, ती कोण निवडणार, लिफ्ट वापरायची मुभा, तक्रार तोंडी केली तरी ती नोंदली जाणार, आणि मजल्यामागे माणसं किती. शेवटचं कलम सगळ्यात आधी खोडलं जातं, तेव्हा तिथे बोट ठेवून बसा.

कोरा_कागद

पुढच्या महिन्यात आहे. मसुदा माझ्याकडेच येतोय. मजल्यामागे किती माणसं हे मी ठरवणार नाही, मावशींना बैठकीला बोलावलंय. त्यांनी विचारलं, “त्या वेळेचा पगार कापणार का?” हे आधी सुचायला हवं होतं. नाही कापणार, तसं लेखी घेतलंय.

टकटक

तिसरा दांडा आज ओढला. बैठक मागेपुढे सरकते. तीन वर्षं मी अर्ध्या मांडीवर बसत होतो.